प्रौढ वयात स्वीकारलेली श्रद्धा आणि आत्मकथन

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –

• वारशाने मिळालेली श्रद्धा आणि प्रौढ वयात स्वीकारलेली श्रद्धा यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• मतपरिवर्तन, स्वीकाराचा विधी आणि श्रद्धेची रुजवण या तीन अवस्था वेगवेगळ्या ओळखता येतील;
• बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, लक्ष्मीबाई टिळक आणि धर्मानंद कोसंबी यांच्या आत्मकथनांतील श्रद्धाविषयक अनुभवांची तुलना करता येईल;
• अशा प्रकारचे आत्मकथन वाचताना कोणते प्रश्न मनाशी ठेवावेत, हे सांगता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, चाळिशी-पन्नाशीत माळ घातलेली एखादी व्यक्ती तुमच्या गावात किंवा नात्यात तुम्ही पाहिली असेल. विठ्ठलाचे नाव तिने लहानपणापासून ऐकलेले असते, दिंडी दारावरून जाताना पाहिलेली असते. तरीही ‘माळ घालणे’ ही वेगळी गोष्ट आहे. तुळशीची माळ गळ्यात पडली की मांसाहार आणि मद्य सुटते, एकादशी पाळावी लागते आणि वारी चुकवायची नाही असा नेम होतो. आजवर जी श्रद्धा भोवतालच्या हवेसारखी होती, ती आता त्या व्यक्तीने समजून-उमजून आपली म्हटलेली असते.

या घटनेची दुसरी बाजूही लक्षात घ्या. माळ एकाच्या गळ्यात पडते, पण बदल साऱ्या घरात होतो. चुलीवर काय शिजणार, पाहुण्यांना काय वाढणार, आषाढात शेताकडे कोण पाहणार, हे प्रश्न घरातल्या इतरांपुढे उभे राहतात. मुलाची श्रद्धा त्याच्या घराने घडविलेली असते. प्रौढाची नवी श्रद्धा मात्र त्याच्या घरालाच नव्याने घडवू पाहते. अशा वेळी घर कधी सोबत येते, कधी रुसते, तर कधी तुटते.

वारकऱ्याच्या बाबतीत धर्म तोच राहतो. पण जेव्हा श्रद्धेबरोबर धर्म आणि समाजही बदलतो, तेव्हा काय घडते? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मराठीभाषक समाजातील काही स्त्री-पुरुषांनी हा अनुभव घेतला आणि तो लिहूनही ठेवला. या घटकात आपण अशी चार आत्मकथने समोर ठेवणार आहोत. त्यांच्या आधारे एक विधान आपल्याला तपासून पाहायचे आहे : प्रौढ वयातली श्रद्धा ही एका दिवसात घडणारी घटना नसते आणि ती एकट्या माणसाचीही नसते.

२. वारशाची श्रद्धा आणि निवडलेली श्रद्धा

वारशाने येणारी श्रद्धा प्रामुख्याने कृतींतून येते. देवघरातील दिवा, सणांचा स्वयंपाक, आजीची कहाणी, सोवळे-ओवळे, अंत्यविधी या साऱ्यांतून ती मुलापर्यंत पोहोचते. ‘माझा यावर विश्वास आहे का?’ असा प्रश्न तेथे सहसा उद्भवत नाही, कारण कृती आधी येते आणि तिचा अर्थ मागाहून कळतो किंवा कळतही नाही. अशी श्रद्धा उथळ असते असे मात्र समजू नये. ती शरीराच्या सवयीत मुरलेली असते आणि म्हणूनच ती सोडणे कठीण जाते.

निवडलेल्या श्रद्धेचा क्रम बहुधा उलटा असतो. येथे प्रश्न आधी येतो. वाचन, वाद, मित्रांचा सहवास, एखादे दुःख किंवा एखादा अन्याय यांतून जुने उत्तर अपुरे वाटू लागते. नव्या उत्तराचा शोध सुरू होतो. उत्तर पटले तरी त्याला साजेशा सवयी, नाती आणि भाषा माणसाजवळ तयार नसतात. त्या सगळ्या नंतर कमवाव्या लागतात.

यावरून आपल्याला या प्रवासाच्या तीन अवस्था वेगळ्या करता येतात :

(अ) मतपरिवर्तन – जुन्या समजुतींविषयी संशय निर्माण होणे आणि नवा विचार बुद्धीला पटणे.
(आ) स्वीकाराचा विधी – बाप्तिस्मा, दीक्षा, अनुग्रह यांसारख्या जाहीर कृतीने तो निर्णय समाजापुढे येणे.
(इ) श्रद्धेची रुजवण – पटलेले आणि जाहीर केलेले तत्त्व रोजच्या जगण्यात, नात्यांत आणि भाषेत मुरणे.

या अवस्था नेहमी याच क्रमाने येतात असे नाही. कोणाच्या बाबतीत विधी आधी आणि रुजवण अनेक वर्षांनी होते, तर कोणाच्या बाबतीत जगणे आधी बदलते आणि विधी शेवटी येतो. इतिहासाच्या पुस्तकात बहुधा विधीची तारीख तेवढी नोंदली जाते. आत्मकथनाचे महत्त्व हे की, त्या तारखेच्या अलीकडची आणि पलीकडची वर्षे ते आपल्यापुढे ठेवते.

३. बाबा पदमनजी : गुप्त मत आणि जाहीर निर्णय

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे नाव ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीचे कर्ते म्हणून तुम्हाला परिचित आहे. ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र. बेळगाव येथे कासार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले, पण शाळेत पाऊल टाकताच त्यांची श्रद्धा पालटली असे नाही. घरचे धार्मिक संस्कार त्यांच्या मनावर खोल होते. वाचन, चर्चा आणि संशय यांची बरीच वर्षे मध्ये गेली. १८५४ मध्ये, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, बेळगावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या मधल्या काळातील एक टप्पा आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. मुंबईत असताना पदमनजी ‘परमहंस सभे’च्या संपर्कात होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर आदींच्या पुढाकाराने १८४९ च्या सुमारास स्थापन झालेली ही सभा जातिभेद मानत नव्हती. मात्र तिचे कामकाज गुप्तपणे चाले. सभासदांनी एकत्र जमून रूढी मोडावी, पण बाहेर त्याचा बोभाटा होऊ नये, अशी तिची रीत होती. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची नावे उघड होण्याची वेळ आली, तेव्हा ही सभा विखुरली.

येथे मत आणि श्रद्धा यांतील फरक ठळक होतो. मत गुप्त ठेवता येते. खोलीचे दार लावून माणूस जातिभेद अमान्य करू शकतो आणि दार उघडून घरच्या पंगतीत पूर्वीच्याच पाटावर बसू शकतो. बाप्तिस्म्यानंतर तसे करता येत नव्हते. म्हणून मत पटल्यानंतरही विधीकडे जाताना पाऊल अडखळते, आणि या अडखळण्यातच या आत्मकथनाचे नाट्य आहे.

त्या काळची सामाजिक स्थितीही ध्यानात घ्या. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा किंवा जातिबहिष्कृत झालेल्याचा वारसाहक्क सुरक्षित ठेवला होता. कायद्याने मालमत्तेतील वाटा मिळू शकत होता. परंतु पंगतीतील जागा, विहिरीवरील पाणी, आईच्या हातचा घास आणि बहिणीच्या लग्नातील उपस्थिती हे काही न्यायालयाकडून मिळणारे नव्हते.

४. पंडिता रमाबाई : विधीनंतरची आठ वर्षे

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या आयुष्यात शास्त्रांचे ज्ञान आणि दुःखाचा अनुभव एकदमच आले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याकडून आणि आईकडून त्यांना संस्कृत विद्या मिळाली. तीर्थाटन करीत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरत असे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी दास यांचे निधन झाले. चोविसाव्या वर्षी त्या लहान मुलीसह एकट्या राहिल्या. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षीच्या २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

एवढीच माहिती हाती असेल तर ही ‘धर्मांतराची घटना’ येथे पूर्ण झाली असे वाटेल. रमाबाईंचे स्वतःचे निवेदन मात्र वेगळे सांगते. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म पटला होता, परंतु ज्याच्या नावाने तो धर्म उभा आहे तो ख्रिस्त आपल्याला अद्याप भेटलेला नव्हता. सुमारे आठ वर्षांनंतर, १८९१ च्या आसपास, ही उणीव त्यांना तीव्रतेने जाणवली आणि मग त्यांना मनःशांती लाभली.

या आठ वर्षांत काय घडले? इंग्लंडमधील ज्या धर्मभगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशी आणि चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे तात्त्विक मतभेद झाले. त्रैक्याच्या सिद्धान्तासारख्या मूलभूत विषयावरही त्यांनी प्रश्न विचारले. आपण एका धर्मसत्तेच्या बंधनातून सुटलो ते दुसऱ्या धर्मसत्तेपुढे मान तुकविण्यासाठी नव्हे, ही त्यांची भूमिका त्या काळच्या पत्रव्यवहारात स्पष्ट दिसते. प्रौढ माणूस नव्या श्रद्धेकडे येताना आपली बुद्धी दाराबाहेर ठेवून येत नाही. ज्या चिकित्सेने त्याने जुने सोडले, तीच चिकित्सा तो नव्यालाही लावतो. नव्या धर्मबांधवांना हे पुष्कळदा रुचत नाही. त्यांना कृतज्ञ अनुयायी हवा असतो आणि समोर येतो तो प्रश्न विचारणारा सहप्रवासी.

५. लक्ष्मीबाई टिळक : पाणी, अन्न आणि श्रद्धा

आता आपण ‘स्मृतिचित्रे’कडे वळू. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे हे आत्मचरित्र मराठी गद्याचा एक मानदंड मानले जाते. त्यात दोन व्यक्तींची श्रद्धा-परिवर्तने आहेत आणि दोहोंच्या वाटा एकमेकींपासून अगदी भिन्न आहेत.

कवी नारायण वामन टिळक १८९३ मध्ये राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाशी त्यांची गाठ पडली आणि त्याने त्यांना बायबल दिले. टिळक वाचत गेले, विचार करीत गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या दृष्टीने हा एका शोधाचा शेवट होता. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने ही संकटाची सुरुवात होती. पतीने धर्म बदलला त्या क्षणी पत्नीची अवस्था विलक्षण झाली : पती हयात असून संसार नाही, सौभाग्य असून सोबत नाही. चार-पाच वर्षे त्या लहानग्या दत्तूसह नातलगांच्या आधाराने राहिल्या. टिळकांचे प्रेम कमी झालेले नव्हते, लक्ष्मीबाईंचेही नाही. तरी दोघांमध्ये एक रेषा ओढली गेली होती आणि ती ओलांडणे लक्ष्मीबाईंना शक्य वाटत नव्हते.

ही रेषा कशाची होती? येथे वाचकाने बारकाईने पाहिले पाहिजे. ती सिद्धान्ताची नव्हती. ख्रिस्ताचे देवत्व किंवा मूर्तिपूजेचे प्रयोजन यांवर लक्ष्मीबाईंचा वाद नव्हता. रेषा होती ती पाण्याची आणि अन्नाची. ‘स्मृतिचित्रे’च्या आरंभीच त्यांनी आपल्या वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याचे चित्र काढले आहे. त्या सोवळ्यापायी घरातल्या बायकामाणसांचे किती हाल होत, हे त्या हसत हसत सांगतात. ज्या मुलीचे बालपण धुण्या-शिंपडण्यात गेले, तिला पुढे ख्रिस्ती वस्तीत पतीजवळ येऊन राहायचे होते. अहमदनगरला आल्यावरही आरंभी त्यांनी आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे ठेवले. एकाच संसारात दोन चुली, ही स्थिती सोपी नव्हती.

त्यानंतर एका शांत क्षणी त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो : माणसामाणसांतील हा उच्च-नीच भेद देवाने केला की माणसाने? त्या स्वतःशीच विचार करतात आणि स्वतःच उत्तर काढतात की, हा भेद माणसाने केलेला आहे. तसे असेल तर तो पाळण्याचे कारण उरत नाही. यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आपली हरकत नाही, असा निश्चय त्या करतात. या विचाराच्या वेळी त्यांच्यापुढे कोणी धर्मोपदेशक नव्हता, हातात ग्रंथ नव्हता आणि पतीचा आग्रहही नव्हता. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांच्या प्रवासातील निर्णायक पाऊल त्या आधीच, पाण्याच्या प्रश्नाशी पडले होते.

लक्ष्मीबाई पतीच्या मागोमाग गेल्या, असे सहजपणे म्हटले जाते. हे म्हणणे पूर्णतः खोटे नाही. पतीशी एकत्र राहण्याची ओढ त्यांना नसती, तर कदाचित तो प्रश्न त्यांच्यापुढे इतक्या निकराने उभाच राहिला नसता. पण प्रश्न कशामुळे पडला आणि उत्तर कोणी दिले, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. परिस्थितीने त्यांना उंबरठ्यापर्यंत आणले. उंबरठा मात्र त्यांनी स्वतःच्या विचाराने ओलांडला. मधली चार-पाच वर्षे त्यांनी ‘नाही’ म्हटले होते, म्हणूनच त्यांच्या ‘होय’ला वजन आहे.

टिळकांच्या वाटेविषयीही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. ‘अभंगांजली’ या संग्रहात त्यांची ख्रिस्तभक्ती अभंगाच्या रूपाने प्रकटली. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांनी आरंभिलेले महाकाव्य त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. याचा अर्थ असा की, नव्या श्रद्धेला बोलण्यासाठी जुनीच भाषा लागली. संस्कार पुसले गेले नाहीत. ते नव्या आशयाचे वाहन झाले. निवडलेली श्रद्धा आणि वारशाची श्रद्धा यांत आपण जो फरक केला, त्याला ही महत्त्वाची पुरवणी आहे. माणूस आपली श्रद्धा निवडू शकतो, पण ती ज्या भाषेत व्यक्त करायची ती मातृभाषा त्याला वारशानेच मिळालेली असते.

६. धर्मानंद कोसंबी : समजून घेण्यासाठी घर सोडणे

आतापर्यंतची उदाहरणे ख्रिस्ती श्रद्धेची होती. ‘निवेदन’ (१९२४) हे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांचे आत्मकथन आपल्याला वेगळ्या दिशेने नेते. गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेल्या कोसंबींना शालेय शिक्षण फारसे मिळाले नाही. लग्न लवकर झाले आणि नारळाच्या बागेची व्यवस्था हाच उद्योग ठरला. अशा स्थितीत १८९७ च्या सुमारास ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील बुद्धाविषयीचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. हे मासिक ख्रिस्ती मिशनचे होते, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. छापलेला शब्द कोणाच्या मनात काय पेरील, हे छापणाऱ्याच्या हाती नसते.

कोसंबींच्या बाबतीत आदर आधी निर्माण झाला. ज्ञान मात्र जवळ नव्हते. ज्याच्याविषयी एवढा आदर वाटतो त्याची शिकवण मुळातून समजलीच पाहिजे, हा ध्यास त्यांनी घेतला. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यात आणि पुढे काशीत त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले; काशीत अन्नछत्रातील जेवणावर दिवस काढले. बौद्ध धर्म जिवंत सापडेल या आशेने नेपाळ गाठले आणि तेथे निराशा पदरी आली. पुढे बोधगया आणि कलकत्ता या मार्गाने ते १९०२ मध्ये सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात त्यांनी पालीचा अभ्यास केला आणि श्रामणेराची दीक्षा घेतली. त्यानंतर ब्रह्मदेशातही त्यांनी काही काळ वास्तव्य केले.

या प्रवासाची दुसरी बाजू म्हणजे गोव्यात मागे राहिलेल्या पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा आपण आदराने ऐकतो. येथे तीच कथा ओळखीच्या घरात घडताना दिसते आणि आदराबरोबर अस्वस्थताही वाटते. ही अस्वस्थता दडपू नका. १९०६ मध्ये कोसंबी भारतात परतले, भिक्षुजीवन सोडले आणि पत्नीसह पुन्हा संसार मांडला. त्यानंतर अध्यापन आणि लेखन या मार्गाने त्यांनी बौद्ध विचार मराठी वाचकांपर्यंत पोहोचविला. म्हणजे त्यांच्या श्रद्धेची रुजवण चीवर अंगावर असताना जितकी झाली, तितकीच ते चीवर उतरविल्यानंतर झाली.

एवढ्यावरही त्यांचा शोध थांबला नाही. उत्तरायुष्यात जैन परंपरेतील पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माने त्यांना आकृष्ट केले. जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. श्रद्धा स्वीकारणे म्हणजे एका घरातून निघून दुसऱ्या घरात कायमचे बसणे, ही कल्पना कोसंबींच्या चरित्राला लागू पडत नाही.

७. एकट्याचा निर्णय आणि समूहाचा निर्णय

वरील चारही उदाहरणांत निर्णय व्यक्तीचा होता. महाराष्ट्राच्या इतिहासात याच प्रश्नाचे एक सामूहिक रूपही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, त्या निमित्ताने कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना ती दिली.

या तारखांमधील अंतर पाहा. पुस्तक हाती आल्यापासून दीक्षेपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे आणि घोषणेपासून दीक्षेपर्यंत एकवीस वर्षे! ‘काय सोडायचे’ हे ठरल्यानंतर ‘काय स्वीकारायचे’ हे ठरविण्यासाठी इतका अवधी घेतला गेला, कारण हा निर्णय एका घराचा नसून एका समाजाचा होता. नागपूरला जमलेल्यांपैकी बहुतेक जण प्रौढ होते. देवघरातील मूर्ती उतरविणे, जुने सण सोडणे, लग्नाचा विधी बदलणे हे त्यांनी आपापल्या घरी परतल्यावर केले. एका फरकाकडे लक्ष द्या. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेली ताटातूट येथे पुष्कळांच्या वाट्याला आली नाही, कारण घर आणि वस्ती एकत्रच निघाली होती. मात्र दीक्षेचा दिवस हा शेवट नसून आरंभ असतो, हा नियम येथेही तितकाच खरा ठरतो. बावीस प्रतिज्ञा घेण्यास काही मिनिटे लागतात. त्या पाळण्यास आयुष्य लागते.

८. अशी आत्मकथने कशी वाचावीत?

श्रद्धेची कथा बहुधा तिच्या शेवटाकडून आरंभाकडे लिहिली जाते. लक्ष्मीबाईंनी १८९५ ची हकीकत लिहिली ती जवळजवळ चाळीस वर्षांनंतर. रमाबाईंची साक्ष बाप्तिस्म्यानंतर चोवीस वर्षांनी आली. कुठे पोहोचायचे हे लेखकाला ठाऊक असल्यामुळे वाटेतील प्रत्येक वळण तेथेच नेणारे होते असे त्याला वाटू लागते. शिवाय ख्रिस्ती परंपरेत मंडळीसमोर ‘साक्ष’ देण्याची पद्धत आहे. आधीचा अंधार, मधला संशय, निर्णायक क्षण आणि नंतरचा प्रकाश असा तिचा एक साचा आहे. ‘अरुणोदय’ या शीर्षकातही हे प्रकाशाचे रूपक आहे. लेखक खोटे बोलतो असा याचा अर्थ नाही. त्याची आठवण एका ओळखीच्या आकारात लावली जाते, एवढेच.

म्हणून वाचताना पुढील प्रश्न मनाशी ठेवा. निवेदक आपल्या पूर्वायुष्याकडे तुच्छतेने पाहतो की आपुलकीने? ज्या माणसांना दुःख झाले त्यांना कथनात जागा मिळते का? विधीनंतरच्या शंका सांगितल्या आहेत की गाळल्या आहेत? आणि कथन साच्याबाहेर केव्हा पडते?

या कसोट्यांवर ‘स्मृतिचित्रे’ विशेष उठून दिसते, कारण लक्ष्मीबाईंचा विनोद साच्याला जुमानत नाही. त्या स्वतःच्या सोवळ्याला हसतात, टिळकांच्या लहरीपणाला हसतात आणि तरीही कोणाचा उपमर्द होत नाही. जुने जग त्यांनी सोडले, पण त्या जगातील माणसांवरचे प्रेम सोडले नाही. जे सोडले त्याविषयी कडवटपणा न ठेवता बोलता येणे, हे श्रद्धा रुजल्याचे एक चांगले लक्षण मानता येईल.

तुम्ही स्वतः प्रौढ वयात शिक्षणाकडे वळलेले विद्यार्थी आहात. दिवसाचे काम आटोपून हे पुस्तक उघडताना घरातील कोणाच्या तरी वेळेतून तुम्ही हा वेळ काढलेला असतो. शिक्षण आणि श्रद्धा या भिन्न गोष्टी आहेत. पण प्रौढपणी घेतलेल्या निर्णयाची किंमत कोण कोण मोजतो, हे तुम्हाला पुस्तकाबाहेरही ठाऊक आहे. ही जाणीव सोबत घेऊन ही आत्मकथने वाचलीत, तर बाळाबाई आणि दत्तू तुमच्या नजरेतून सुटणार नाहीत.

९. सारांश

वारशाची श्रद्धा कृतीतून अर्थाकडे जाते, तर निवडलेली श्रद्धा बहुधा प्रश्नातून कृतीकडे जाते. तिच्या प्रवासात मतपरिवर्तन, विधी आणि रुजवण अशा तीन अवस्था आढळतात. बाबा पदमनजींच्या उदाहरणातून गुप्त मत आणि जाहीर निर्णय यांतील अंतर कळते. पंडिता रमाबाईंच्या साक्षीतून विधीनंतरही शोध चालू राहतो हे दिसते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत परिवर्तनाचे खरे ठिकाण अन्नपाण्याचा व्यवहार हे होते. कोसंबींच्या ‘निवेदना’त आदरापासून ज्ञानाकडे आणि ज्ञानापासून आचरणाकडे जाणारी वाट दिसते. १९५६ च्या धम्मदीक्षेत हाच निर्णय सामूहिक झाला. या सर्व उदाहरणांत श्रद्धेचा स्वीकार दीर्घकाळ चालतो आणि त्याचे परिणाम भोवतालच्या माणसांपर्यंत पोहोचतात.

१०. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
१. परमहंस सभेचे कामकाज कोणत्या पद्धतीने चालत असे?
२. ‘बालबोधमेवा’तील लेखाचा कोसंबींच्या आयुष्यावर कोणता परिणाम झाला?
३. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा कोणता हक्क सुरक्षित ठेवला?

(आ) सुमारे १५० शब्दांत उत्तरे लिहा.
१. ‘मत गुप्त ठेवता येते’ या विधानाचे पदमनजींच्या संदर्भात स्पष्टीकरण करा.
२. लक्ष्मीबाई टिळक केवळ पतीच्या मागोमाग गेल्या, हे मत तुम्हाला मान्य आहे काय? कारणे द्या.

(इ) उपक्रम
तुमच्या परिचयातील, प्रौढ वयात माळ घेतलेल्या, दीक्षा घेतलेल्या किंवा एखादा धार्मिक नेम स्वीकारलेल्या व्यक्तीशी तिच्या अनुमतीने बोला. निर्णयाच्या दिवसाविषयी एक प्रश्न विचारा आणि त्या दिवसानंतरच्या वर्षांविषयी तीन प्रश्न विचारा. शक्य असल्यास घरातील दुसऱ्या एखाद्या व्यक्तीचेही म्हणणे ऐका. दोन्ही निवेदनांत काय जुळते आणि काय जुळत नाही, याची टिपणे स्वतःच्या शब्दांत लिहा.